गोदावरीचे दोन काठ आणि कलम १२ (६) (ग)

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे येताना प्रवरासंगमाला गोदावरीवरचा पूल लागतो. अलीकडे टोके, पलीकडे कायगाव. आज हा पूल ओलांडताना जिल्हा बदलल्याची पाटी दिसते, एवढेच. १९४८ पर्यंत मात्र इथे नदी हीच हद्द होती. उजवा काठ मुंबई इलाख्याचा, डावा निजामाच्या राज्याचा. उजव्या काठाकडच्या तालुक्यांत कोणी पाट फोडला तर त्याला १८७९ चा मुंबईचा पाटबंधारे कायदा लागे. डाव्या काठावर असा गुन्हा संभवत नव्हता, कारण फोडायला पाटच नव्हता.

नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हे पाण्याचे भांडण दर कमी पावसाच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास पेटते. त्यावर लिहिणारे बहुतेक जण उसापासून किंवा पुढाऱ्यांपासून सुरुवात करतात. ती कारणे खरी आहेत, पण नंतरची आहेत. माझे म्हणणे असे की, एकाच नदीच्या दोन काठांवर पाण्याचा कायदा वेगवेगळ्या काळी पोचला, आणि आजचे भांडण त्या मागेपुढे येण्यातून जन्मले. जो काठ आधी कायद्यात आला त्याचा वापर 'प्रस्थापित' ठरला. जो मागाहून आला त्याची 'मागणी' झाली. या दोन शब्दांमधले अंतर भरून काढायला मराठवाड्याला २००५ सालच्या एका पोटकलमाची वाट पाहावी लागली.

आधी थोडे या शहराबद्दल. गोदावरीवर हक्क सांगण्याची गरज औरंगाबादला तीनशे वर्षांहून अधिक काळ पडली नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि काही वर्षांतच हर्सूलच्या बाजूने भूमिगत नहर शहरात आणली. डोंगरउतारावर मुरलेले पाणी जमिनीखालून आणायचे, मातीच्या नळांतून उताराने वाहू द्यायचे, आणि मधे उंच मनोरे बांधून दाब सांभाळायचा, अशी ती रचना. पुढे त्याच पद्धतीच्या नहरींची संख्या वाढली. पाणचक्कीचे जाते अशाच एका नहरीवर फिरत असे. या व्यवस्थेचे कौतुक स्थापत्य म्हणून पुष्कळ झाले आहे. मला तिच्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हे शहर आपल्या शिवारात पडलेल्या पावसावर जगत होते. पैठणची गंगा पन्नास किलोमीटरवर होती आणि तिच्याशी नाते यात्रेचे, पर्वणीचे, नाथषष्ठीचे होते. नळाचे नाते जुळले ते जायकवाडीनंतर. त्यामुळे वर नाशिक-नगरकडे धरणे बांधली जात असताना इथल्या कोणालाही त्यात आपले काही जाते आहे असे वाटले नाही.

त्या काळात वर काय चालले होते ते पाहू. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन हादरली. त्याच्या पाठोपाठ मुंबई सरकारने १८७९ चा सातवा कायदा केला. हाच मुंबई पाटबंधारे कायदा. त्याचा गाभा सोपा होता. सरकारने अधिसूचना काढायची की अमुक नदीचे वा ओढ्याचे पाणी कालव्यासाठी वापरण्यात येणार आहे; त्यानंतर ते पाणी घेणे, अडवणे, वळवणे याचा अधिकार सरकारचा. कोणाचा आधीचा हक्क बुडत असेल तर त्याने भरपाई मागायची. काठावरच्या जमीनमालकाला वाहत्या पाण्यावर नैसर्गिक हक्क असतो, हे तत्त्व १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने मान्य केले आणि तो कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागूही झाला. पण त्याच कायद्यात, नद्यांच्या पाण्याचे नियमन करण्याच्या सरकारी अधिकाराला बाधा येणार नाही, असेही लिहून ठेवले होते. म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध हक्क होता, सरकारविरुद्ध नव्हता. आणि नदीच्या पलीकडच्या काठाला, जिथे दुसरेच राज्य होते, या दोन्ही कायद्यांत जागा नव्हती.

या कायद्याच्या आधारावर आणि १९०१ च्या सिंचन आयोगानंतर आलेल्या पैशावर गोदावरी आणि प्रवरेवर कामे उभी राहिली. नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि तिथून निघणारे दोन्ही कालवे, त्यांना पाणी पुरवणारे दारणा धरण (१९१६), आणि प्रवरेवर भंडारदरा (१९२६). हे पाणी अवर्षणात ज्वारी-बाजरी वाचवण्यासाठी म्हणून आणले होते. पण चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीला पाणी मागायला कोणी येत नसे आणि कालव्याचा खर्च निघत नसे. म्हणून ब्लॉक पद्धत आली: काही क्षेत्राला ठरावीक वर्षांसाठी बारमाही पाण्याची मंजुरी, त्यात थोडा ऊस आणि बाकी भुसार. दख्खनच्या कालव्यांवर ही पद्धत बसवण्यात विश्वेश्वरय्यांचा मोठा हात होता. तिचा परिणाम केवळ शेतीवर झाला नाही. शेतकऱ्याच्या हातात मंजुरीचा कागद आला. त्या कागदावर कर्ज मिळाले, गुऱ्हाळे उभी राहिली, आणि १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या कर्तबगारीला कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. फक्त एवढेच की, त्या कर्तबगारीच्या पायाखाली तोवर तीन-चार दशके नियमित वाहिलेला पाट होता.

आता डावा काठ. निजामाच्या राज्याला पाण्याची जाण नव्हती असे म्हणता येणार नाही. तेलंगणातील हजारो तलाव आणि १९३१ मध्ये पूर्ण झालेला निजामसागर हे त्याचे पुरावे आहेत. पण निजामसागरचे उदाहरणच बोलके आहे. तो बांधला मांजरेवर. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या डोंगरात, लातूर-नांदेडच्या अंगाने जाते, आणि तिच्यावरचे मोठे धरण झाले ते निजामाबादेकडे. मराठी मुलखातील नदी, तेलंगणातील भात. तळ्यांची जुनी परंपरा, भाताची शेती आणि राजधानीची जवळीक ही कारणे असतील. परिणाम असा की, स्वातंत्र्याच्या वेळी मराठवाड्यात मोठा म्हणावा असा एकही कालवा नव्हता.

हैदराबाद संस्थानाचा पाटबंधारे कायदा झाला तो १३५७ फसली साली. फसलीचा हिशेब आता लोक विसरले आहेत. १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. त्या वर्षी मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत रझाकारांचा धुमाकूळ चालला होता, सीमेवर स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते, आणि वर्ष संपता संपता सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन ते राज्यच मावळले. अशा वर्षात कोणीतरी हैदराबादेत बसून कालव्यांचा कायदा लिहीत होता! मुंबईच्या कायद्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी डाव्या काठाला पाटबंधारे कायदा मिळाला, आणि तोही राज्य जाता जाता.

पुढचे पाऊल जुलै १९५१ मधील. योजना आयोगाने कृष्णा आणि गोदावरीच्या पाण्यासंबंधी राज्यांची बैठक बोलावली आणि पंचवीस वर्षांसाठी वाटपाचा आराखडा ठरवला. त्यात मुंबई एक पक्ष होता आणि हैदराबाद दुसरा. याच काळात हैदराबाद सरकारच्या मनात गोदावरीवर एक धरण होते. जागा होती बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि धरणाची जागा वर पैठणला सरकली. नाव मात्र जुन्या गावाचेच राहिले. पैठणच्या धरणाला जायकवाडी का म्हणतात, असा प्रश्न मला व्याख्यानांनंतर हमखास विचारला जातो, म्हणून हे इथे नोंदवून ठेवतो. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. शंकरराव चव्हाणांनी पाटबंधारे मंत्री म्हणून आणि नंतर मुख्यमंत्री म्हणून हे काम रेटले. एकूण साठा १०२ टीएमसीच्या वर, त्यातील उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी, उरलेला मृतसाठा.

जायकवाडीचे पाणी मोजले गेले ते वरून इतके पाणी येत राहील असे धरून. पण ते येत राहील याची हमी कोणत्या कायद्याने दिली होती? कोणत्याच नाही. इथे या कहाणीतील सर्वांत विचित्र पेच आहे.

दोन राज्यांत नदीच्या पाण्यावरून वाद झाला तर काय करायचे, याची वाट राज्यघटनेच्या अनुच्छेद २६२ ने आणि १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याने घालून दिली आहे. एप्रिल १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी लवाद नेमला गेला. त्याच्यापुढे सुनावणी चालू असतानाच ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांनी आपसांत करार केला, आणि १९८० च्या अंतिम निवाड्यात तो समाविष्ट झाला. त्यानुसार पैठणपर्यंतचे गोदावरीचे सगळे पाणी महाराष्ट्राचे. पैठणच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या भागात, महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीपर्यंत वापरायचे. या एका वाक्याचे मोल मोठे आहे, कारण त्यातूनच पुढे बाभळीचा खटला उभा राहिला. २०१३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायला सांगितले. म्हणजे नांदेड जिल्ह्यातील एका बंधाऱ्याचे दरवाजे कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे तारखेनिशी ठरले, कारण खाली दुसरे राज्य होते.

पैठणच्या वर मात्र 'सगळे पाणी महाराष्ट्राचे' एवढ्यावर विषय संपला. ते महाराष्ट्रातील कोणाचे, हे लवादाने ठरवायचे नव्हते आणि राज्याने ठरवले नाही. मला कधीकधी वाटते की मराठवाडा हैदराबादेत राहिला असता तर पैठणला किती पाणी यायचे याचा आकडा लवादाच्या निवाड्यात छापला गेला असता. हे विधान कोणी भलत्या अर्थाने घेऊ नये. मराठवाडा विनाअट महाराष्ट्रात आला आणि योग्यच केले. पण कायद्याच्या नजरेने पाहता, दोन राज्यांमधली हद्द पुसली गेली तेव्हा खालच्या काठाची दाद मागण्याची जागाही पुसली गेली, हे खरेच आहे. त्यानंतरच्या दशकांत पैठणच्या वर नवी धरणे होत राहिली. प्रत्येकाला मंजुरी होती, प्रत्येकाची गरज होती. बेरीज कोणी करायची, हे कोणाचेच काम नव्हते.

राज्य एक झाले तरी कायदे तीनच होते: मुंबईचा १८७९ चा, मध्य प्रांताचा १९३१ चा आणि हैदराबादचा १३५७ फसलीचा. १९७६ मध्ये महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आला आणि त्याने तिन्ही रद्द केले. कागदावर दोन्ही काठ एका कायद्याखाली आले. पण कायद्याला चालते करणारे नियम असतात, आणि या कायद्याचे नियम चाळीस वर्षे उलटली तरी झाले नाहीत. कारभार चालला तो १९३४ च्या मुंबई कालवे नियमांसारख्या जुन्या नियमांच्या आधाराने. इथल्याच वाल्मीत, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत, आयुष्य घालवलेले प्रदीप पुरंदरे हे वर्षानुवर्षे लिहीत आणि सांगत आले आहेत. ज्या नदीवर कायद्याचा अंमल चालवायचा ती नदी आधी अधिसूचित करावी लागते; ज्या अधिकाऱ्याने तो चालवायचा त्याची कालवा अधिकारी म्हणून रीतसर नेमणूक लागते. ही बिनरंगी कामे राहिली की उत्तम कायदाही ग्रंथालयातल्या कपाटात सुखाने झोपतो. सात नंबरचा अर्ज भरून चारीवर ताटकळणाऱ्या शेतकऱ्याला यातले काही दिसत नाही. त्याला दिसतो तो पाटकरी.

खोऱ्यातील तूट सगळ्यांनी वाटून घ्यावी, हा विचार ठळकपणे पुढे आला तो महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाच्या काळात. माधवराव चितळे त्याचे अध्यक्ष. आयोग १९९५ मध्ये नेमला गेला, अहवाल १९९९ मध्ये आला. २००३ मध्ये राज्याचे जलधोरण ठरले, आणि २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम झाला. त्याच्या कलम १२ च्या सहाव्या पोटकलमातील (ग) हा खंड म्हणजे या लेखाच्या शीर्षकातील आकडा. साध्या मराठीत त्याचा आशय असा: खोऱ्यात किंवा उपखोऱ्यात टंचाई असेल तर ती सर्वांनी सारखी सोसावी, त्यासाठी दर वर्षी ऑक्टोबरअखेर धरणांतील पाणी असे नियंत्रित करावे की, खरिपात वापरलेले पाणी धरून, सर्व धरणांतील उपलब्ध पाण्याची टक्केवारी जवळजवळ सारखी राहील.

खरीप धरून, हे दोन शब्द महत्त्वाचे. वरच्या धरणाने पावसाळ्यातच आवर्तन सोडून साठा कमी दाखवला तरी ते पाणी त्याच्या खात्यावर मांडले जाते. हा खंड लिहिणाऱ्याला कालव्यावरचा कारभार आतून ठाऊक असणार.

कायदा झाला आणि आठ वर्षे कोणी त्याला हात लावला नाही. याच कायद्याने मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद नेमायची होती आणि वर्षभरात एकात्मिक राज्य जल आराखडा मंजूर व्हायचा होता. परिषदेची पहिली बैठक २०१५ मध्ये झाली. दरम्यान आराखडाच नसताना प्राधिकरणाने सुमारे १९० प्रकल्पांना मान्यता दिली होती. त्याविरुद्ध पुरंदरे औरंगाबाद खंडपीठात गेले. २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पाण्याच्या क्षेत्रवार वाटपाचा प्राधिकरणाचा अधिकार काढून घेतला गेला आणि तोही २००५ पासून, म्हणजे मागील तारखेने. त्या कापाकापीत (ग) खंड वाचला. त्याचे महत्त्व कोणाच्या लक्षात आले नसावे, असा माझा तर्क आहे.

२०१२ चा दुष्काळ आला. वरून पाणी सोडावे लागले, पण कोणत्या धरणातून किती, याचे सूत्र नव्हते. २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीने ते सूत्र कोष्टकांच्या रूपात दिले. मराठवाडा जनता विकास परिषद प्राधिकरणाकडे गेली, आणि १९ सप्टेंबर २०१४ रोजी प्राधिकरणाने आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा आणि पालखेड या समूहांची स्थिती कोष्टकात पाहायची आणि ज्याच्याकडे जास्त त्याने खाली सोडायचे. आदेशाला नगर-नाशिककडून आव्हान मिळाले. २३ सप्टेंबर २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

पण निकालाची वाट न पाहता दुष्काळ आला होता. २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला: प्रवरेतून ६.५०, दारण्यातून ३.२४, मुळेतून १.७४, गंगापूरमधून १.३६. २०१८ मध्ये ८.९९. २०२३ मध्ये ३० ऑक्टोबरला गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने ८.६०३ टीएमसीचा आदेश काढला. त्यानंतर तीन आठवडे पाणी हलले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, २१ नोव्हेंबरला न्यायालयाने स्थगिती नाकारली, आणि मगच दरवाजे उचलले गेले. ऑक्टोबरअखेर म्हणणाऱ्या कायद्यासाठी नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. कोरड्या पात्रात पाणी सोडले की वाळू आधी आपला वाटा घेते, त्यामुळे हा उशीर केवळ तांत्रिक नसतो. शिवाय वाटेत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांच्या फळ्या काढाव्या लागतात. दोन्ही काठांवर विद्युतपंप आहेत, त्यांची वीज तोडावी लागते. बंदोबस्त लावावा लागतो. पाणी जाताना पाहायचे आणि मोटर बंद ठेवायची, ही काठावरच्या शेतकऱ्याची कोंडी मराठवाड्यातील वाचकांनीही समजून घ्यावी.

वरच्या काठाची बाजू निव्वळ आडमुठेपणाची नाही. त्यांचे म्हणणे असे की, शंभर वर्षांपूर्वीच्या लाभक्षेत्राला दिलेले पाणी नाशिक शहराकडे आणि कारखान्यांकडे वळत गेले. आवर्तने कमी झाली. आणि आता उरलेल्यातून खाली सोडा म्हणता. दारणा-गंगापूरच्या कालव्यांवर हे घडले आहे. नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याने वैजापूर-गंगापूरला, म्हणजे मराठवाड्यालाच, पाणी जाते, हेही ते दाखवून देतात. आणि जायकवाडीत आलेले पाणी तरी कोठे जाते? छत्रपती संभाजीनगरच्या नळांना, वाळूज-चिकलठाण्याच्या उद्योगांना, आणि कालव्यावरच्या उसाला. डाव्या कालव्याच्या टोकाला परभणीच्या शेतकऱ्याला विचारा. त्याला जायकवाडी जितकी दूर, तितकीच गंगापूर धरणवाल्यांना आपली बाजू जवळची. (ग) खंड धरणाधरणांत समानता मागतो. एका धरणाच्या लाभक्षेत्रातील पहिला आणि शेवटचा शेतकरी यांच्यासाठी त्याच कायद्यात वेगळे खंड आहेत: प्रत्येक जमीनधारकाला पाण्याचा कोटा, आणि टंचाईत शक्यतो निदान एक एकर भिजेल इतके पाणी. त्यांच्यासाठी कोणी इतक्या त्वेषाने न्यायालयात गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

आता या सगळ्या कायद्यांत नदी कोठे आहे? १८७९ च्या कायद्यात ती कालव्याचा उगम आहे. १९७५ च्या करारात आकडा आहे. २००५ च्या कायद्यात दोन धरणांमधली वाहिनी आहे. नदीने स्वतःसाठी किती वाहावे, याचे कलम यांपैकी कशातही नाही. हिवाळ्यात कोपरगाव, पुणतांबे, कायगाव या पट्ट्यात गोदावरी वाहती दिसते ती बहुधा अशा आदेशाच्या दिवसांतच, आणि तेव्हाही ती वाहते ते जायकवाडीचे पाणी म्हणून.

नदीला जपणारे कायदे झालेच नाहीत असे नाही. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या पाच वर्षे आधी, कायदा केला होता. केंद्राचा १९७४ चा कायदा राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला. २००० मध्ये नदी नियमन क्षेत्राचे धोरण आले. नद्यांची वर्गवारी करायची आणि प्रदूषणकारी उद्योगांना पात्रापासून ठरावीक अंतर लांब ठेवायचे, असे ते धोरण. फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकारने ते रद्द केले. धोरण हे कायदा नसते, त्यामुळे ते काढायला विधिमंडळात जावे लागले नाही. ज्या वर्षी १२.८४ टीएमसीवरून दोन्ही काठ रस्त्यावर उतरले त्याच वर्षाच्या सुरुवातीला हे घडले, आणि तेव्हा कोणताच काठ रस्त्यावर नव्हता. पाण्याच्या वाट्यावर मोर्चे निघतात. पाण्याच्या काठावर निघत नाहीत. शहरातून वाहणारी खाम गोदावरीलाच मिळते आणि नाथसागरात येते. शहराचे सांडपाणी घेऊन ती ज्या जलाशयात उतरते, त्याच जलाशयातून शहराचा नळ निघतो.

न्यायालयांनी काही वाटा उघडल्या आहेत. बियासच्या काठावरील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की नद्या आणि त्यांचे काठ सरकारकडे लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून असतात, मालक म्हणून नव्हे. २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या संसदेने वांगानुई नदीसाठी तसा कायदा केला. गंगा-यमुनेचा दर्जा सर्वोच्च न्यायालयाने काही महिन्यांतच स्थगित केला. उत्तराखंडाने विचारलेला प्रश्न व्यवहाराचा होता: ही 'व्यक्ती' पुरात कोणाचे घर बुडवेल तेव्हा भरपाई कोणी द्यायची? वांगानुईच्या कायद्यात तिच्या वतीने बोलणारे दोन पालक नेमले आहेत, एक माओरी लोकांचा आणि एक सरकारचा. आपल्याकडे गोदावरीच्या वतीने बोलणारा असा कोणी नेमायचा ठरला तर तो कोणत्या काठाचा असावा, यावरच पहिला खटला उभा राहील, असे मला गमतीने नव्हे तर खरोखरच वाटते. नाथसागराला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचे संरक्षण मिळाले, याची इथे आठवण होते. नदी वाहत होती तोवर तिला असे काही मिळाले नव्हते. अडवून तिचे सरोवर झाल्यावर, आणि तेही परदेशी पाखरांमुळे, मिळाले.

सध्या वाद ६५ या आकड्यावर आला आहे. कोष्टकांचा काही वर्षांनी आढावा घ्यायचा हे आधीच ठरलेले होते. २०२३ मध्ये नव्या अभ्यासगटाची नेमणूक झाली आणि ही टक्केवारी खाली आणावी अशी शिफारस आली. टक्क्यांची भाषा ऐकायला सौम्य वाटते, म्हणून हिशेब मांडतो. जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याचा एक टक्का म्हणजे पाऊण टीएमसीहून थोडे अधिक पाणी. ६५ टक्के म्हणजे जवळजवळ ५० टीएमसी. हा उंबरठा पाच टक्क्यांनी खाली आला तर साठा ४६ ते ५० टीएमसीच्या दरम्यान असलेल्या वर्षी वरून एक थेंबही मागता येणार नाही. जायकवाडी तुडुंब असलेल्या वर्षी या आकड्याकडे कोणी पाहत नाही, आणि अशाच वर्षांत असे आकडे बदलतात. शिफारशींवर हरकती दाखल करायला प्राधिकरणाची दारे कोणालाही उघडी असतात. त्यासाठी वकील लागत नाही. १५ ऑक्टोबरचा तक्ता वाचता यावा लागतो.